कोरा बॅज

"घाबरतेस काय? घरी म्हशीची धार काढतेस ना, तशीच काढायची," आमच्या इन्चार्ज इंगवले मॅडम दारातून म्हणाल्या.

मी घाबरले होते हे खरं. समोर शिशाच्या जाड विटांचा आडोसा, त्याच्यामागं जनरेटर. मिठाच्या पाण्याची बाटली मी एका सुईवर बसवली, शिशाच्या डबीतली रिकामी बाटली दुसऱ्या सुईवर दाबली, आणि आतून बुडबुड असा आवाज आला. त्या यंत्राला आमच्या विभागात सगळे गाय म्हणायचे. दर आठवड्याला नवी गाय यायची, रोज सकाळी तिची धार काढायची, आणि त्या किरणोत्सर्गी धारेतून दिवसभराच्या पेशंटांची औषधं बनायची. औषध शिरेत टोचलं की ते हाडांत नाहीतर हृदयात जाऊन बसायचं, तिथून किरण फेकायचं, आणि कॅमेरा त्याचं चित्र काढायचा. न्यूक्लिअर मेडिसिन म्हणजे एवढंच, असं मी अण्णांना समजावलं होतं. त्यांना ते काही फारसं पटलं नव्हतं.

"हात हलका आहे तुझा," मॅडम म्हणाल्या. "आजपासून धार तूच काढ. मी आहे इथं."

इथं म्हणजे दारात. हॉट लॅबच्या, म्हणजे या किरणोत्सर्गी औषधांच्या खोलीच्या, उंबऱ्याबाहेर, दोन्ही हात पांढऱ्या कोटाच्या खिशात घालून. माझ्यावर एवढा विश्वास, की आत यायचीसुद्धा गरज वाटत नाही, असं मी समजले. बावीस वर्षांची होते. त्या वयात आपल्याला कुणी चांगलं म्हटलं की दुसरं काही ऐकूच येत नाही.

मी समडोळीची, त्रिशला मगदूम. अण्णा साखर कारखान्यात कारकून. बी.एस्सी. झाल्यावर कोल्हापूरच्या त्या हॉस्पिटलात वर्षाच्या डिप्लोमाला जागा मिळाली, तेव्हा घरात चार दिवस चूल नीट पेटली नाही. आत्यानं सांगून टाकलं होतं, किरणांत काम करणाऱ्या पोरीच्या पोटी पोर धरत नाही, तिला पदरात कोण घेणार. अण्णांनी मधला मार्ग काढला. एक वर्ष. या जूनला जायचं, पुढच्या जूनला परत यायचं, त्यावर एक दिवस मागायचा नाही. वर्षात पास होऊन नोकरी लागली तर बघू, नाहीतर जयसिंगपूरचं स्थळ थांबलेलं होतंच.

म्हणून मी कामाला हपापलेली होते. आमच्या बॅचला दोघंच, मी आणि मिरजेचा अस्लम बागवान. जून ते सप्टेंबर मॅडमनी दोघांनाही सारखंच वागवलं, म्हणजे सारखंच झापलं. सप्टेंबरात एकदा मी माझा बॅज एप्रनलाच लावून तो एप्रन हॉट लॅबमध्ये टांगून जेवायला गेले, तर आल्यावर अर्धा तास व्याख्यान ऐकावं लागलं. छातीवरचा हा बॅज म्हणजे आमचा कुंडली सांगणारा जोशी. अंगावर किरण किती पडले ते तो आत साठवतो. तीन महिन्यांनी सगळ्यांचे बॅज तपासायला बाहेर जातात, आणि महिन्याभरानं प्रत्येकाच्या नावापुढं आकडा लिहिलेला कागद येतो. तो बॅज घरी जाताना कॉरिडॉरमधल्या बोर्डावर लटकवायचा, किरणांच्या खोलीत कधी नाही. एवढं ऐकल्यावर माझ्याकडून ती चूक परत झाली नाही.

ऑक्टोबर लागला आणि मॅडमचा नूरच बदलला. सकाळची धार माझी. औषधं बनवणं माझं. दर गुरुवारी थायरॉइडच्या पेशंटांना आयोडीनचे डोस द्यायचे असत, ते जड, जास्त किरणांचं काम, तेही माझं. इंजेक्शनं तर विचारूच नका. अस्लमला त्यांनी कॅमेऱ्यावर बसवून ठेवलं. तो बिचारा दिवसभर पेशंटला हलू नका, हलू नका म्हणत बसायचा.

"मगदूम, तू काय दिलंस काय गं मॅडमना? जादूटोणा?" त्यानं एकदा चहाच्या टपरीवर विचारलं.

मी म्हटलं, गुण लागतात. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. हरभऱ्याच्या झाडावर कुणी चढवलं तर माणूस खालीसुद्धा बघत नाही.

दिवाळीनंतर त्या म्हणाल्या, मॅडम काय म्हणतेस, ताई म्हण. माझ्यासाठी डब्यात जास्तीची भाकरी यायला लागली. मी जैन, कांदा-लसूण खात नाही, हे कळल्यावर वांग्याची भाजी वेगळी काढून आणायच्या. परगावी राहणाऱ्या मुलीला आणखी काय लागतं? मी त्यांच्यासाठी धावून धावून काम करायची. रजिस्टरात सह्या मात्र त्यांच्याच असायच्या, कारण शिकाऊ मुलांची सही तिथं चालत नाही. काम कुणीही करो, सही इन्चार्जची. त्यात मला कधी वावगं वाटलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात विभागप्रमुख खासनीस सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. किरणांच्या सुरक्षेची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. ताई आधीच तिथं बसल्या होत्या. टेबलावर बॅजचा कागद.

सर मुळात भला माणूस, पण कागदाला भिणारा. त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. शिकाऊ मुलांसाठी आमच्या विभागानं आखलेली जी रेघ होती, माझा आकडा तिच्या बराच वर गेला होता. सरकारी मर्यादेच्या आतच होता, जिवाला काही होण्याइतका नव्हताच. पण रेघ ती रेघ. अस्लमचा आकडा माझ्या पावपटही नव्हता.

"हे कसं झालं?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडणार होते. साधं उत्तर होतं, सर, तीन महिने सगळं मीच केलं. पण मोठ्यांच्या आधी बोलायचं नाही या वळणातली मी. मी ताईंकडं बघितलं. त्या सांगतील, वर माझं कौतुकही करतील, अशी माझी खात्री होती.

"सर, हिची एक सवय आहे," ताई म्हणाल्या. "एप्रन हॉट लॅबमध्ये टांगून जाते, बॅज त्यालाच. मी सप्टेंबरातच रागावले होते. विचारा तिला."

"खरं आहे?"

"सर, ते... एकदाच," मी म्हटलं.

त्या एकदाच या शब्दानं माझा घात केला. सरांनी खुर्चीत मागं टेकून सुस्कारा सोडला. त्यांना हायसं वाटलं होतं. म्हणजे किरण बॅजला लागले, पोरीला नाही. कुणाला जास्त डोस गेला असं वर कळवायला नको. शिकाऊ मुलीचा निष्काळजीपणा एवढं लिहिलं की फाइल बंद. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. आजपासून हॉट लॅब बंद, काउंटरवर बसायचं. त्या तीन महिन्यांचं काम धरता येणार नाही, त्यामुळं मे महिन्याच्या परीक्षेला टर्म ग्रँट होणार नाही. सहा महिने परत करावे लागतील. सोमवारी माझा लेखी जबाब घेऊन ते पुढं पाठवणार होते.

सहा महिने. म्हणजे डिसेंबर. अण्णांनी जूनवर एक दिवस दिला नसता.

बाहेर आल्यावर मी अस्लमला गाठलं. म्हटलं, तू तर बघितलंयस, सगळं काम मीच करत होते, सरांना सांग. तो खाली बघत म्हणाला, "मी कुठं आत होतो गं? मला तर कॅमेऱ्यावर बसवलं होतं." त्याचंही खरंच होतं.

एवढं होऊनही मला ताईंचा राग आला नव्हता, बरं का. हे सांगताना मला आजही लाज वाटते. मला वाटलं, त्यांचा गैरसमज झालाय. मी रोजच एप्रन आत टांगते असं त्यांना खरोखर वाटलं असणार. घरी जाऊन नीट समजावलं की सोमवारी त्या स्वतः सरांकडं जातील. केसानं गळा कापला जातो तेव्हा आधी गुदगुल्याच होत असतील.

रविवारी दुपारी मी मंगळवार पेठेत त्यांचं घर शोधत गेले. दार लोटलेलं होतं. आत पाटावर ताई बसल्या होत्या, हिरवी साडी, डोक्यावर पदर. समोर त्यांच्या सासूबाई आणि एक जाऊ, बाकी कुणी नाही. सासूबाई तांदूळ, नारळ, खारीक, हळकुंड, सुपारी असं पदरात घालत होत्या. वाजंत्री नाही, शेजारीण नाही, सगळं हळू आवाजात. आमच्या शेजारच्या मराठ्यांच्या घरी मी हे लहानपणी बघितलं होतं. दिवस राहिल्यावर तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरतात ती चोरओटी.

मला बघून ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. सासूबाईंचा मात्र खुलला.

"तूच का गं ती त्रिशला?" त्यांनी मला हाताला धरून आत ओढलं. "ये बाई, ये. तुला तर आधी बोलवायला पाहिजे होतं. हिचं सगळं किरणाचं काम तू अंगावर घेतलंस म्हणून तर हे दिसतंय. दोनदा हातातलं गेलं हिच्या. डॉक्टर म्हणाले, ऑक्टोबरपासून औषधं चालू करू, तर ही म्हणाली, माझ्या हाताखाली एक पोरगी आहे, ती म्हणालीय मला, ताई तुम्ही आत पाऊल टाकायचं नाही. देवमाणूस आहेस तू."

त्यांनी माझ्या हातावर साखर ठेवली, कपाळाला हळदकुंकू लावलं. मी उभीच. मी असं कधी म्हणाले? मला कुणी विचारलं तरी होतं का? ऑक्टोबरपासूनचा एकेक दिवस माझ्या डोळ्यांपुढून गेला. हात हलका आहे तुझा. आजपासून धार तूच काढ. ते दारात उभं राहणं, ती वेगळी काढलेली वांग्याची भाजी. ज्याला मी माया म्हणत होते तो नुसता आडोसा होता, आणि त्या आडोशाची वीट मी होते.

साखर मी मुठीतच ठेवली. पाणी पिते म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. ताई पाठोपाठ आल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

"बस ना," त्या म्हणाल्या.

मी बसले नाही. "मला सांगितलं का नाही?"

"पाचवा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. आधी दोनदा सांगितलं, त्रिशला. दोनदा ऑफिसात अर्ज दिला, किरणांपासून लांब काउंटरवर बसले, सगळ्यांनी पेढे मागितले. आणि दोनदा रिकामी परत आले. ते तोंडं फिरवणं, ते कुजबुजणं... तिसऱ्यांदा मला ते झेपलं नसतं."

वाईट वाटलं मला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणीसुद्धा वाटलं. पण त्याच्या वर दुसरंच काहीतरी उसळून आलं.

"मागितलं असतं तर मी हसत दिलं असतं, ताई. सगळं केलं असतं. पण मला विचारायचं तरी होतं. माझ्या पोटाचा विचार कुणी करायचा?"

"तुला काही होणार नाही. तेवढ्यानं काही होत नसतं, तुलाही माहितीय."

"काही होत नसतं, तर तुम्ही का दारात उभ्या राहिलात?"

बाहेर सासूबाई जावेला नारळ नीट ठेवायला सांगत होत्या. मग ताईंनी माझा हात धरला.

"सरांपुढं मी घाबरले. तू, सगळं मीच केलं, असं म्हटलं असतंस, तर पुढचा प्रश्न मलाच आला असता, की तुम्ही काय करत होता. एवढ्या एका वेळी झाकून घे. दीड महिन्यानं पाचवा लागेल. त्या दिवशी मी स्वतः सरांना सांगते, काम हिनं केलंय, बॅज खरा आहे, माझं चुकलं. परीक्षा मेमध्ये आहे, तोवर तुझी टर्म मिळवून देते. या पोटावर हात ठेवून सांगते."

आणि त्यांनी खरंच हात ठेवला.

कुणी म्हणेल, आता तरी शहाणी व्हायचीस. हो. पण पोटावर हात ठेवून बाई खोटं बोलेल असं मला वाटलं नाही. शिवाय मी तोंड उघडलं आणि नंतर काही कमीजास्त झालं, तर ते आयुष्यभर माझ्या माथी बसलं असतं. सोमवारी मी सरांपुढं बसून माझ्या अक्षरात लिहून दिलं, की बॅज हॉट लॅबमध्ये राहायचा, चूक माझी. खाली सही केली. त्या विभागात माझी सही चाललेला तो पहिला कागद. अण्णांना फोनवर सांगितलं, परीक्षा थोडी पुढं जाईल असं दिसतंय. ते काही बोलले नाहीत, आणि ते बोलले नाहीत की आमच्या घरात समजायचं ते समजतात.

फेब्रुवारीपासून मी काउंटरवर केस पेपर लिहीत बसले. तिथून हॉट लॅबचं दार सरळ दिसायचं. पहिल्याच आठवड्यात ताई त्या दारात उभ्या, हात खिशात.

"अस्लम, हात हलका आहे बाबा तुझा. आजपासून धार तूच काढ," त्या म्हणत होत्या.

अस्लम चार महिने कॅमेऱ्यावर कुजलेला. त्याचा चेहरा असा उजळला की बघवेना. मी त्याला सांगू शकले असते. अजूनही मला स्वतःचा सगळ्यांत जास्त राग येतो तो याचा. पण मी दिवस मोजत होते, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाणाऱ्याला शेजारी कोण मार खातोय ते दिसत असूनही दिसत नाही. अस्लम दुपारी डबा खाताना मला म्हणाला, ताईंनी त्याच्यासाठी घरची भाकरी आणली. मी म्हटलं, छान.

ताई माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. मी एकदा हळूच विचारलं, कधी? त्या म्हणाल्या, गुढीपाडवा होऊ दे.

पाडवा झाला. त्यानंतरच्या सोमवारी सरांनी सगळ्यांना सेमिनारच्या खोलीत बोलावलं. डॉक्टर, नर्सेस, आम्ही दोघं, सफाईच्या मावशी, सगळे. ताई पुढच्या रांगेत. आता पोट दिसत होतं. मी सकाळी अण्णांना फोन करून ठेवला होता की संध्याकाळी एक चांगली बातमी देते.

सर हसत उभे राहिले. म्हणाले, इंगवलेबाईंनी गोड बातमी दिलीय, पाचवा लागलाय, उद्यापासून त्या काउंटरवर. मावशींनी तिथल्या तिथं दोन्ही हातांनी ताईंची दृष्ट काढली. सगळे हसले. मग सरांनी हातातला कागद वर धरला.

"मला कळल्या कळल्या मी आधी काय केलं असेल? हिचा बॅज काढून बघितला. सुरुवातीचे महिने, आणि ही रोज हॉट लॅबमध्ये. छातीत धस्स झालं होतं माझ्या. आणि हे बघा. ऑक्टोबर ते डिसेंबर, रजिस्टरात रोजच्या धारेला हिची सही, आयोडीनला हिची सही, निम्म्याहून जास्त इंजेक्शनं हिची. आणि बॅज जवळजवळ कोरा. वीस वर्षांत असं काम मी बघितलेलं नाही." ते माझ्याकडं वळले. रागानं नाही, अगदी मायेनं. "मगदूम, तू विशेष करून बघ. काळजी घेऊन काम करणं म्हणजे काय ते यांच्याकडून शीक."

खोलीतल्या सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ताईंकडं बघितलं. मला वाटलं, आता. याहून सोपी वेळ कुठली? कागद सरांच्या हातात, सगळे समोर, पोर पोटात सुखरूप. दोन वाक्यं पुरली असती.

ताई उठल्या. त्यांनी पदर सारखा केला, आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, सरांकडं बघितलं.

"सवयीनं जमतं, सर," त्या म्हणाल्या. "मुलांनाही जमेल हळूहळू."

आणि खाली बसल्या.

माझी टर्म गेली ती गेलीच. सही माझी, अक्षर माझं, मी कुणाला काय सांगणार होते? जूनमध्ये ट्रंक घेऊन समडोळीला गेले. अण्णा चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी अर्धवट शिकलेली पोरगी पदरात कोण घेणार म्हणून आत्यानंच त्यांना वळवलं आणि मी उरलेले सहा महिने दुसऱ्या शहरात पुरे केले. आज अठरा वर्षं याच कामात आहे, आणि आत्याच्या माहितीसाठी, मला दोन मुलं आहेत. अस्लमचा आकडा त्या तिमाहीत काय आला, ते मी कधी विचारलं नाही. विचारायचं तोंड नव्हतं.

पण हे सगळं पुढचं. त्या सोमवारी ताई खाली बसल्या. मग मागून टाळ्या सुरू झाल्या. अस्लमनं सुरू केल्या होत्या, अगदी मनापासून. नर्सेसनी धरल्या, मावशींनी धरल्या, सरांनी कागद काखेत धरून वाजवल्या. शेजारची नर्स माझ्याकडं बघत होती, ही गप्प का, म्हणून.

मीही वाजवल्या.